चावी फिरते, सेल्फ उचलत नाही : घोडबंदर रोडवरच्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. सेल्फ (इंजिन सुरू करून देणारी मोटर), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वायरिंग एवढंच काम मी घेतो. हे प्रकरण एका एमएच-०४ पासिंगच्या, २०१३ सालच्या हॅचबॅकचं आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे सीएनजीची टाकी, हाताने टाकायचे गिअर. ज्यांची गाडी त्यांना मी ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मीटरचे आकडे मात्र जॉबकार्डवर होते तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणात जे शिकण्यासारखं आहे ते सगळं त्या आकड्यांत आहे.

ताई फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेतात. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असा त्यांचा पट्टा. दिवसाला सात-आठ घरं. प्रत्येक इमारतीखाली गाडी बंद करायची, अर्ध्या तासाने खाली येऊन पुन्हा सुरू करायची. त्यात सीएनजीची रांग. तिथे तर दोन गाड्या पुढे सरकल्या की सुरू करा, पुढे घ्या, बंद करा, असं पाऊण तास चालतं.

हे लांबण लावून सांगतोय, कारण गाडी कशी वापरली जाते यातच अर्धं निदान असतं. चालत्या गाडीच्या बॉनेटखाली निदान वारा असतो. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि तापलेलं इंजिन पुढची वीस-पंचवीस मिनिटं आपली उष्णता आजूबाजूच्या भागांना देत राहतं. या गाडीत सेल्फ एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डजवळच, म्हणजे इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळच आहे. म्हणजे ताई पेशंटकडून खाली यायच्या तेव्हा सेल्फ नेमका सर्वांत गरम असायचा.

तक्रार

"दादा, चावी फिरवली की टक् होतं आणि पुढे काहीच नाही. चार-पाच वेळा फिरवली की लागते. सकाळी घरून निघताना मात्र एकदाही त्रास देत नाही."

मे महिन्यात ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा हे असं सांगितलं. त्याआधीच्या आठवड्यात सीएनजीच्या रांगेत नऊ वेळा चावी फिरवावी लागली होती. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले, शेवटी पंपावरच्या दोघांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. त्यानंतर त्यांनी धसका घेतला. एका आजोबांच्या इमारतीखाली गाडी चालूच ठेवून, वॉचमनला लक्ष ठेवायला सांगून त्या वर गेल्या होत्या. हे ऐकून मला काळजी वाटली. चालू गाडी, आत चावी, आणि मालकीण सातव्या मजल्यावर. सेल्फचा दोष माणसाला अशा गोष्टी करायला लावतो, म्हणून त्याला किरकोळ तक्रार समजू नये.

आधी दोन दुरुस्त्या होऊन गेल्या होत्या. मार्चमध्ये बॅटरी बदलली, आणि तीन आठवडे गाडी छान चालली. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी सेल्फ खोलून आतले झिजणारे भाग, म्हणजे कार्बन, बुश आणि बेंडिक्स, नवीन टाकले, त्यानंतरही पंधरा दिवस काही तक्रार नव्हती. दोष परत आला तेव्हा तिथल्या कारागिराने सेल्फवर पान्ह्याने दोन ठोके दिले, गाडी लागली, आणि "आता अख्खा सेल्फच नवा टाका" असा सल्ला मिळाला. ठोके दिल्यावर लागते म्हणजे सेल्फमध्येच दोष, हा तर्क वरवर पाहता बरोबर वाटतो. ते ठोके नेमकं काय सांगत होते ते पुढे येईल.

आधी सेल्फबद्दल थोडं

पुढचं समजायला एवढं हवं. सेल्फच्या डोक्यावर सोलनॉइड असतो, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा जाड स्विच. त्याला दोन मुख्य वायरी येतात. एक जाड वायर थेट बॅटरीवरून, तिला आम्ही ३० नंबर म्हणतो. दुसरी बारीक, चावीवरून येणारी, ती ५० नंबर. चावी फिरवली की ५० नंबरला करंट येतो, सोलनॉइडमधली कॉइल प्लंजर नावाचा लोखंडी दांडा ओढते, प्लंजर फोर्कने (एका तरफेने) बेंडिक्सला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाला, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये बसवतो, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात आतली तांब्याची चकती जाड कॉन्टॅक्ट जोडते. तेव्हा कुठे मोटर फिरते.

बेंडिक्स हे नाव व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचं. त्याच्या मूळ पद्धतीत मोटर आधी फिरायची आणि त्या झटक्याने पिनियन, म्हणजे ते छोटं दातेरी चाक, पुढे जायचा. आजच्या गाड्यांत क्रम उलटा आहे, नाव तेवढं बाजारात टिकून राहिलं. हा क्रम लक्षात ठेवला नाही तर निदान चुकतं. आजच्या सेल्फची मोटर फिरलीच नाही, तर पहिली शंका प्लंजर पूर्ण गेला की नाही याचीच घ्यायला हवी.

सोलनॉइडमध्ये कॉइल दोन असतात. एक जोरात ओढणारी, दुसरी धरून ठेवणारी. ओढणारी भरपूर करंट खाते, पण आतले कॉन्टॅक्ट जुळले की तिच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि ती आपोआप गप्प होते. गाडी लागते तेव्हा हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातं. त्यामुळे गाडी लागत असताना ५० नंबरच्या वायरवर मीटर लावलं, तर जो कठीण क्षण तपासायचा तो आधीच निघून गेलेला असतो.

पहिली भेट

ताई सकाळी दहाला आल्या, इंजिन जवळपास थंड. दहा वेळा चावी फिरवली, दहाही वेळा लागली.

इथे पहिला निर्णय होता. गाडी दिवसभर ठेवून घेऊन तापवून बघायची, की थंडीत जे दिसतं तेवढं तपासून द्यायची. ताईंचे पेशंट ठरलेले होते. मी दुसरा रस्ता धरला.

बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंधन पंपाचा फ्यूज काढला, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद केला, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक ओढला आणि नुसता सेल्फ मारला. फिरताना बॅटरी १०.४. याची खालची हद्द साधारण ९.६ धरतात, म्हणजे इथेही ठीक. मग फिरत्या सेल्फवर वायरींमधली गळती, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते मोजलं. बॅटरीच्या प्लसपासून ३० नंबरपर्यंत ०.२ व्होल्ट, उत्तम. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत १.१ व्होल्ट. इथे ०.२, फार तर ०.३ चालतं.

खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी (बॅटरीच्या मायनसची जोडणी) थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या कडीपाशी, अर्धी तुटलेली. उरलेल्या तारा काळ्या पडलेल्या, बोल्टखाली गंज. नवी पट्टी टाकली, बसायची जागा घासून पांढरी केली. गळती ०.१ वर आली. सेल्फ ऐकू येईल इतका जोरात फिरायला लागला.

५० नंबरची वायरही बघितली, पण फक्त टेस्ट लॅम्पने, म्हणजे वायरीला टेकवायच्या छोट्या दिव्याने. हाताखालच्या पोराला चावी फिरवायला सांगितली, लॅम्प लख्ख पेटला. "करंट येतोय," असं मीच म्हणालो आणि पुढे गेलो. ती माझी या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक.

ताईंना सांगितलं, अर्थ खराब होता, काम झालं.

अकरा दिवस

अकरा दिवस गाडी एकदाही अडली नाही. ताईंचा फोन आला, आभार मानले. मलाही बरं वाटलं.

त्या अकरा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. पाऊस सुरू झाला होता. रस्ते ओले, हवा गार, बॉनेटवर पाण्याचा शिडकावा. बाराव्या दिवशी पावसाने उघडीप दिली, दुपारी कडक ऊन पडलं, आणि पातलीपाड्याला एका इमारतीच्या गेटमध्येच गाडी अडली. गेट अडलेलं, मागे शाळेची बस. टक्, टक्, टक्.

अर्थची पट्टी खरोखर खराब होती, तिचं काम करायलाच हवं होतं. पण तक्रार तिची नव्हती. दोष डोळ्यांसमोर घडताना न बघताच मी त्याला नाव देऊन मोकळा झालो होतो.

दुसरी भेट

या वेळी ठरवलं की गाडी अडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

५० नंबरच्या टोकावरून आणि सेल्फच्या अंगावरून दोन बारीक वायरी काढल्या, मध्ये छोटा फ्यूज टाकला, आणि बॉनेटच्या फटीतून, दाराच्या रबराखालून आत आणल्या. दुसरं मीटर थेट बॅटरीवर. दोन्ही मीटरं माझ्या मांडीवर, ताई स्टिअरिंगवर. दुपारी दोनला निघालो. कापूरबावडीपासून गायमुखच्या दिशेला, मेट्रोच्या खांबांशेजारून रांगत. दर थांब्यावर वीस-पंचवीस मिनिटं गाडी बंद, काचा खाली, घामाच्या धारा.

पहिले तीन थांबे बिनतक्रार. चौथा वाघबीळच्या नाक्यापुढे, एका झाडाखाली. ताईंनी चावी फिरवली आणि टक् झालं. ते टक् अगदी बारीक होतं. जळलेल्या कॉन्टॅक्टचा सेल्फ ठणकन् वाजतो, कारण प्लंजर पूर्ण जाऊन आदळतो. हा आवाज मऊ होता, कुणी दारावर बोटाच्या पेराने ठोठावावं तसा. प्लंजर निघाला होता, पोचला नव्हता.

"ताई, चावी तशीच धरा. एक, दोन. सोडा."

बॅटरीच्या मीटरवर १२.१, ५० नंबरच्या मीटरवर ७.६.

बॅटरीवरून निघालेले साडेचार व्होल्ट वाटेत कुठेतरी संपत होते. आणखी दोनदा तसंच करून बघितलं, आकडे तेच. ओढणारी कॉइल फार वेळ चालू ठेवली तर जळते, म्हणून दोन सेकंदांच्या वर धरू दिलं नाही. बॉनेट उघडून त्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर लावलं, ताईंनी पुन्हा चावी फिरवली. साधारण २० अँपिअर. पाचव्या वेळी गाडी लागली. पण आता ती लागली काय, न लागली काय, हवं होतं ते हातात आलं होतं.

टेस्ट लॅम्प का फसला

साडेचार व्होल्टला वीस अँपिअरने भागलं की सव्वादोन दशांश ओहम येतात, म्हणजे ०.२२५. इतका बारीक रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साध्या मल्टिमीटरला पकडता येत नाही. त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच तेवढा असतो. मीटर बीपवर लावून बघा, बीप वाजतो. टेस्ट लॅम्प लावा, लख्ख पेटतो, कारण तो जेमतेम पाव अँपिअर ओढतो आणि पाव अँपिअरला त्या रेझिस्टन्समध्ये ०.०६ व्होल्टसुद्धा जात नाही. वीस अँपिअर मागितले की तीच वायर हात टेकते.

आमच्या धंद्यात "करंट येतोय का" हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो. विचारायचं असतं ते, लोड टाकल्यावर येतोय का.

गॅरेजला आल्यावर दोष पुन्हा उभा करायला गाडी तापवत बसायची गरज नव्हती. ५० नंबरची वायर सेल्फवरून काढली आणि तिच्यावर हेडलाइटचे दोन एच-४ बल्ब लावले, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून. ५५ आणि ६० वॉट मिळून एका बल्बचे ११५ वॉट, दोन बल्ब म्हणजे सुमारे १९ अँपिअर. सोलनॉइड जेवढं मागतो जवळपास तेवढंच. पोराने चावी स्टार्टवर धरली. बल्ब पिवळे, मरगळलेले पेटले. थेट बॅटरीवर लावल्यावर तेच बल्ब डोळे दिपवत होते. हा फरक मीटर न वाचणाऱ्यालाही कळतो. ताईंना शेजारी उभं करून दाखवला.

मग टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत ०.३ व्होल्ट. स्विचच्या आत ०.९. स्विचपासून पुढे डॅशबोर्डखाली २.९. तिथून सेल्फपर्यंत ०.४. बेरीज साडेचार.

स्टिअरिंगच्या कॉलमखाली पोराने टॉर्च मारला. साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी केबल टायने बांधलेली होती. बाहेरून बसवलेली सिक्युरिटी सिस्टिम. ५० नंबरची मूळ वायर कापून त्या सिस्टिमच्या रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, फिरवलेली. ताईंनी गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली. आधीच्या मालकाने ही बसवली असणार. रिमोट ताईंना कधी मिळालाच नव्हता. सिस्टिम वर्षानुवर्षं मेलेली, पण सेल्फचा सगळा करंट अजून तिच्या पोटातून जात होता.

दोन्ही सांधे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेले. एका सांध्यावरची टेप तपकिरी पडून चिकट झालेली, ओढली तर तंतू सुटले. आतलं तांबं बाहेरून हिरवट, मध्ये काळं. वायरीचे निम्मे तंतू जोडायच्या वेळीच तुटलेले. त्या २.९ पैकी २.३ व्होल्ट या एका सांध्यात जात होते. २० अँपिअरला ते ४६ वॉट होतात, म्हणजे माझ्या टेबलावरच्या सोल्डरिंग आयर्नच्या वर. ते डॅशबोर्डखाली, फोमच्या शेजारी. प्रत्येक फसलेल्या चावीला तिथे तेवढी आच लागत होती.

सेल्फ उतरवायचा की नाही

दोष सापडला होता, इथे थांबता आलं असतं. पण एकदा घाईने "काम झालं" म्हटलेलं मनात होतं. आणि गाडी गरम झाल्यावरच का अडते, याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. बॅटरीचा मायनस आधी काढला, कारण ३० नंबरची वायर बिनफ्यूजची असते आणि पान्हा बॉडीला टेकला तर सरळ वेल्डिंग होतं. मग सेल्फ खाली घेतला.

उतरवल्यावर मोकळ्या झालेल्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघितले. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हळूहळू पूर्ण फिरवलं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण दोनच जागी थांबतं, त्यामुळे रिंग झिजली तर त्याच दोन जागी झिजते. तशी झीज असली की सेल्फ करकरतो किंवा नुसता गुरगुरतो, आणि गाडी गिअरमध्ये टाकून थोडी हलवली की लागते. इथे दात ठीक होते.

टेबलावर सोलनॉइडला कमी-जास्त करता येणारा सप्लाय लावला. खोलीच्या तापमानाला, तीसच्या आसपास, प्लंजर ६.५ व्होल्टला ओढला गेला. मग हॉट एअर गनने सोलनॉइड नव्वद अंशांपर्यंत तापवला, टेंपरेचर गनने बघत. आता त्याच प्लंजरला ८ व्होल्ट लागले. यात सोलनॉइडचा दोष नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, साठ अंशांना जवळजवळ पाव हिश्श्याने. कॉइल तापली की करंट कमी घेते, करंट कमी म्हणजे ओढही कमी.

आता चित्र पूर्ण झालं. गरम असताना लागत होते ८ आणि मिळत होते ७.६. थंड असताना हिशेबाने सातच्या आसपास मिळत असणार आणि ६.५ पुरत होते. अर्ध्या व्होल्टाच्या काठावर ही गाडी महिनोन् महिने चालत होती.

आधीची प्रत्येक दुरुस्ती काही दिवस का टिकली, तेही इथे उलगडतं. नवी बॅटरी आली, दोन-तीन दशांश व्होल्ट वाढले, गाडी काठावरून थोडी आत सरकली. सेल्फ खोलला, प्लंजर साफ झाला, फोर्कला ग्रीस लागलं, थोडी आणखी आत. मी अर्थ बदलला, पाऊस आला, आणखी थोडी आत. पान्ह्याचे ठोकेही तसेच. हादऱ्याने अर्धवट गेलेला प्लंजर एखाद वेळी निसटतो, आणि ठोके द्यायला बॉनेट उघडेपर्यंत सेल्फही निवतो. कुणीच खोटं काम केलं नव्हतं. प्रत्येकाने काहीतरी सुधारलं, प्रत्येकाला आपलंच निदान बरोबर वाटलं, आणि सांधा हळूहळू काळा होत राहिला.

पर्याय

ताईंना बसवून चार रस्ते सांगितले.

नवा सेल्फ टाकला असता तर नव्या सोलनॉइडने कदाचित सातलाही ओढलं असतं आणि एखादा उन्हाळा निघाला असता. पण डॅशबोर्डखालची आच तशीच राहिली असती. हा रस्ता मी स्वतःहून बाद केला.

बॅटरीवरून थेट वायर आणून डॅशवर पुश बटण लावायचं, हा जुगाड बरेच जण करतात. बटण वीस अँपिअरचं नसतं, वायरीला फ्यूज नसतो, आणि पोरांच्या हाताला बटण लागलं की गिअरमधली गाडी उडी मारते. याला मी कधीच तयार होत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे बॉनेटखाली रिले. चावीची वायर फक्त रिलेला चालवते, सोलनॉइडचा जड करंट बॅटरीवरून, फ्यूजमधून, जवळच्या रस्त्याने जातो. हा चांगला उपाय आहे आणि जुन्या गाड्यांवर मी तो करतो. इथे मात्र मन होईना. रिले लावला असता तर गाडी लगेच लागली असती, पण सडलेला सांधा तिथेच राहिला असता, फक्त दिसेनासा झाला असता. शिवाय मूळ वायरिंगमध्ये आणखी एक बाहेरची वस्तू वाढली असती, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला तीच शोधत बसावं लागलं असतं.

चौथा रस्ता : काळी डबी पूर्ण काढायची, कापलेली वायर मूळ जाडीच्या वायरीने सांधून पूर्ववत करायची, आणि चावीच्या मागचा झिजलेला कॉन्टॅक्टचा ब्लॉक बदलायचा. ताईंनी एकच विचारलं, "सिक्युरिटी काढली तर चोरीची भीती?" ती आज चालतच नाही, हे दाखवलं. विम्याच्या पॉलिसीत अँटी-थेफ्टची सवलत घेतलेली आहे का तेवढं बघायला सांगितलं. नव्हती. चौथा रस्ता ठरला.

काम आणि निकाल

सांधे क्रिंप करून सोल्डर केले, वर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि वायर हलणार नाही अशी मूळ हार्नेसला बांधली. डॅशबोर्डखालच्या वायरीला नुसतं सोल्डर पुरत नाही. हादऱ्याने सोल्डरच्या कडेला तार तुटते, म्हणून आधार द्यावाच लागतो. स्विचचा ब्लॉक नवा टाकला. सेल्फ पुसून जसाच्या तसा चढवला, एकही पार्ट न बदलता.

मग पुन्हा तोच रस्ता, तीच वेळ, ताई स्टिअरिंगवर. ऊन कडक होतं, हे बरंच झालं. सहा थांबे, सहाही वेळा पहिल्या चावीला लागली. पण ती लागते एवढ्यावर आता मी समाधानी नव्हतो. बल्बचा लोड लावून स्विच आणि सांध्यावरून मोजलं, दोन्ही मिळून दशांश व्होल्टाच्या आसपास. ओढण्याच्या क्षणी ५० नंबरला किती मिळतात हे बघायला सोलनॉइडवरून मोटरकडे जाणारी जाड पट्टी जागेवर ठेवून ३० नंबरची केबल काढून बाजूला बांधली. आता प्लंजर गेला तरी कॉन्टॅक्टला मागून करंट नाही, त्यामुळे ओढणारी कॉइल गप्प होत नाही. बॅटरी १२.०, ५० नंबरला १०.९. लागतात ८. काठ तीन व्होल्ट लांब गेला.

खर्च नव्या सेल्फच्या चौथ्या हिश्श्याच्या आत बसला. पहिल्या भेटीची मजुरी त्यातून वजा केली. पट्टीचे पैसे ठेवले, कारण पट्टी लागतच होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी दोन बल्ब लावले असते तर दहा मिनिटांत संपणारं काम होतं. दोष गरमीत येतो म्हणून तो गरमीतच मोजता येतो, असा माझा समज होता. वाईट सांधा थंडीतही वाईटच असतो. गरमीत फक्त गाडीची सोसण्याची ताकद संपते. लोड टाकला असता तर सकाळी दहालाही २.९ दिसले असते.

आवाजाबद्दल मी ताईंना नीट विचारलं नाही. "टक् कसं? ठणठणीत की मऊ?" हे फोनवरही विचारता येतं, नाहीतर मोबाइलवर रेकॉर्ड करून मागवता येतं. हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितलं असतं तरी बरंच कळलं असतं. दिवे एकदम मेले तर बॅटरी, तिची टर्मिनलं किंवा अडकलेली मोटर. दिवे जेमतेम हलले तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाही.

दुरुस्तीनंतर ऋतू बदलला तर ती दुरुस्ती पास झाली असं धरू नये, हेही मी आता पाळतो. जूनमध्ये दिलेल्या अशा गाडीच्या जॉबकार्डवर "ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बघणे" असं लिहून ठेवतो.

एका बाबतीत माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. सेल्फ उतरवून टेबलावर तापवण्यात दीड तास गेला आणि गाडीच्या दृष्टीने त्याची गरज नव्हती. सांधा दुरुस्त करून गाडी दिली असती तरी ती चालली असती. पण तो दीड तास गेला नसता, तर दोन कारागिरांचं आणि माझं काम काही दिवस बरोबर का वाटलं, हे ताईंना सांगता आलं नसतं आणि मलाही कळलं नसतं. गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न उरतो. मी घेतले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात ताई सर्व्हिसला आल्या तेव्हा तसंच पुन्हा मोजलं, १०.८. गाडी त्या आता प्रत्येक इमारतीखाली बंद करून जातात. काळी डबी आणि तो हिरवट सांधा मी एका पिशवीत घालून टेबलावरच्या खिळ्याला टांगलाय, नवीन पोरगं कामाला आलं की हातात द्यायला. आणि जॉबकार्डवर तक्रारीच्या रकान्याच्या वर एक ओळ छापून घेतली आहे : गाडीत बाहेरून काय काय बसवलं आहे, आणि कुणी?